दहा हजार तरुण पाठवण्याआधी ऱ्हाइनकाठ पाहा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे आणि त्यांना जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची, असं ठरलं. नर्स, रुग्णालयातले मदतनीस, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी असे व्यवसाय त्यात होते. तेव्हापासून आपल्याकडे वाद चालू आहे. कुणी म्हणतं, शिकल्यासवरल्या पोरांना परदेशात मजुरीला धाडताय. कुणी म्हणतं, संधी दाराशी आली आहे, नाकं कशाला मुरडता? मुलगा शिकलेला आहे आणि तिकडे जागा रिकाम्या आहेत, म्हणजे काम झालंच, हे मात्र दोन्ही बाजू धरून चालतात. याच बाडेन-वुर्टेंबर्गच्या पश्चिम सीमेवर, ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, हा हिशेब रोज चुकताना दिसतो.

इथे नदीच्या एका काठाला जर्मनीचं बाडेन (म्हणजे याच राज्याचा पश्चिम भाग), दुसऱ्या काठाला फ्रान्सचं अल्सास आणि दक्षिणेला स्वित्झर्लंडचं बाझल. तिन्ही मिळून साधारण साठ लाख वस्ती. जवळजवळ एक लाख माणसं सीमा ओलांडून कामाला जातात, त्यातली बरीचशी बाझलच्या औषध कंपन्यांकडे आणि तिथल्या बाकीच्या उद्योगांकडे. स्ट्रासबुर्गची ट्रॅम २०१७ पासून नदी ओलांडून जर्मनीतल्या केलला जाते. या लोकांना व्हिसा लागत नाही. तरीही बाडेनमधले कारखानदार माणसं मिळत नाहीत म्हणून हैराण आहेत, आणि नदीपलीकडे म्युलूझ परिसरात बेरोजगारी बाडेनच्या जवळपास दुप्पट आहे.

हे असं का झालं, ते आपल्या वादाशी थेट जोडलेलं आहे. युद्धानंतरच्या दशकांत बाडेनच्या कारखान्यांत आणि बाझलच्या रसायन उद्योगात अल्सासचे हजारो कामगार होते. अनेकांकडे साधं कारागिरीचं प्रमाणपत्र होतं, काहींकडे तेवढंही नव्हतं. पण त्यांच्या घरात अल्सासी बोली होती, ती जर्मन कुळातली, त्यामुळे फोरमनचं बोलणं त्यांना पहिल्या दिवसापासून कळायचं. फ्रान्सने १९४५ नंतर प्राथमिक शाळांतून जर्मन काढली. नाझी राजवटीच्या जखमा ताज्या होत्या, आईवडिलांनीही मुलांशी फ्रेंच बोलणं पसंत केलं. २०१२ च्या पाहणीत अल्सासच्या ४३ टक्के लोकांनी बोली येते असं सांगितलं, पण ३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ३ टक्केच होतं. नातवंडं आजोबांपेक्षा कितीतरी जास्त शिकली, आणि आजोबांना सहज मिळायची ती नोकरी त्यांच्या हातून गेली. १९९० च्या दशकापासून निम्मे तास जर्मनमध्ये चालणारे द्विभाषिक वर्ग सुरू झाले, पण जर्मनमधून शिकवणारे शिक्षक पुरेसे मिळत नाहीत. एकदा मोडलेली भाषा शाळेच्या वेळापत्रकाने परत येत नाही. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवर जो गदारोळ झाला, त्यात शिकवणार कोण हा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला गेला, याचं मला वाईट वाटतं.

भाषेनंतरचा अडथळा प्रमाणपत्राचा. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत पगारावर शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. असं साधारण तीन ते चार वर्षं. फ्रान्समधलं व्यवसाय शिक्षण बराच काळ मुख्यतः शाळेतच चाललं. त्यामुळे बाडेनचा मालक फ्रेंच प्रमाणपत्र हातात घेऊन विचारतो, याने यंत्रावर प्रत्यक्ष किती काम केलं आहे? यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये करार झाला: शाळा फ्रान्समध्ये, प्रत्यक्ष काम जर्मन कंपनीत. कल्पना उत्तम. पण २०१८ मध्ये फ्रान्सने शिकाऊ प्रशिक्षणाच्या निधीची व्यवस्था बदलली, शाळेचा खर्च कुणी द्यायचा हे अधांतरी राहिलं, आणि २०२३ मध्ये दोन्ही देशांना नवा करार करावा लागला. शेजारी, श्रीमंत, युरोपीय संघाचे संस्थापक असलेल्या दोन देशांची ही गत आहे. मग आपल्या आयटीआयचं काय होणार, हे आधीच पाहायला नको का?

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. प्लंबर आणि वेल्डर एक वर्षाचे. हा फरक आपल्याकडे कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण जर्मन व्हिसाच्या नियमांत तो निर्णायक ठरतो. मार्च २०२४ पासून जर्मनीने एक वाट उघडली आहे: नोकरीचा करार असेल, किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण असेल आणि ए-२ पातळीची जर्मन येत असेल (ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांतली ही दुसरी), तर आधी या आणि समकक्षतेची, म्हणजे तुमचं प्रमाणपत्र जर्मन प्रमाणपत्राच्या तोडीचं आहे का हे ठरवण्याची, प्रक्रिया इथे काम करता करता पूर्ण करा. एक वर्षाचा प्लंबर या वाटेच्या दाराशीच अडतो. शिवाय जर्मन प्लंबर साडेतीन वर्षांत नळजोडणीबरोबर हीटिंग, गॅस आणि हीट पंपही शिकतो. आपल्या अभ्यासक्रमात हीटिंग जवळपास नाही, कारण महाराष्ट्रात त्याची गरजच नाही. म्हणजे अर्ज केला तरी आंशिक समकक्षताच मिळणार आणि उरलेला भाग प्रशिक्षणाने भरून काढावा लागणार.

कारखान्यातल्या व्यवसायांचा समकक्षतेचा अर्ज बहुतेक वेळा न्यूरेम्बर्गच्या केंद्रीय कार्यालयाकडे जातो, कारागिरीच्या व्यवसायांचा स्थानिक कारागीर मंडळाकडे. शुल्क साधारण १०० ते ६०० युरो. कागद पूर्ण असतील तर तीन महिन्यांत निकाल अपेक्षित असतो, आणि कागद पूर्ण नसणं हेच विलंबाचं मुख्य कारण. प्रमाणपत्र, दोन्ही वर्षांची गुणपत्रकं, विषयवार तास दाखवणारा अभ्यासक्रम, अनुभवाचे दाखले, आणि या सगळ्याचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं जर्मन भाषांतर. आपल्याकडचा अनुभवाचा दाखला म्हणजे ‘यांनी आमच्याकडे अमुक काळ काम केले, वर्तणूक चांगली’ एवढाच मजकूर. त्याचा जर्मनीत काहीच उपयोग होत नाही. पॅनेल वायरिंग केलं का, किती व्होल्टेजवर, मोटर दुरुस्ती केली का, चाचणीची कोणती उपकरणं वापरली, असं कामवार लिहून हवं. छोट्या ठेकेदाराकडे रोखीने पगार घेतलेल्या मुलाकडे ना पगारपत्रक असतं ना भविष्य निर्वाह निधीची नोंद, त्यामुळे पाच वर्षांचा खरा अनुभव कागदावर शून्य होतो. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नावाचा क्रम वेगळा, ही आणखी एक नेहमीची अडचण. ती मुंबई-पुण्यातच निस्तरून निघावं.

वाहनचालकांचं तर आधी सांगायलाच हवं. भारतीय परवाना जर्मनीत रहिवासी झाल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. व्यावसायिक ट्रकसाठी चालकाची वेगळी व्यावसायिक पात्रताही लागते. हे न सांगता माणूस पाठवला, तर ज्या कामासाठी आला ते काम सोडून तो गोदामात खोकी उचलत बसेल.

भाषेचे तासही प्रामाणिकपणे मोजले पाहिजेत. बी-१ पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८००. नर्सना सामान्यतः बी-२ लागते. दोन-तीन महिन्यांच्या वर्गात ए-१ उरकून बाकीचं तिकडे शिकेल म्हणणं ही मुलाची फसवणूक आहे. बाडेनमधल्या बांधकामावर तर पुस्तकी जर्मनऐवजी अलेमानिश बोली कानावर पडते, आणि बी-१ झालेलाही पहिले काही महिने गांगरतो.

आणखी एक गैरसमज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे: जर्मनीत राहू आणि बाझलमध्ये स्विस पगारावर काम करू. जर्मन आणि फ्रेंच नागरिकांना ते सहज जमतं. भारतीय पासपोर्टवर मात्र जर्मनीचा साधा कामाचा परवाना किंवा ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा परवाना) बाझलमध्ये चालत नाही. सीमापार कामगाराचा स्विस परवाना हवा असेल तर शेजारी देशाचा कायम निवासाचा परवाना लागतो, सीमेलगतच्या पट्ट्यात किमान सहा महिने वास्तव्य लागतं, आणि त्या जागेसाठी स्थानिक उमेदवार मिळत नाही हे मालकाला दाखवावं लागतं. बाझलला लागून असलेल्या जर्मनीतल्या लोराखमध्ये घर भाड्याने घेण्याआधी हे कळलेलं बरं.

माझं मत करार मोडावा असं नाही. बाडेनला माणसं खरोखर हवी आहेत आणि आपल्या मुलांचे हात चांगले आहेत. पण आकड्याने सुरुवात करण्याऐवजी किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण असलेले व्यवसाय आधी घ्यावेत: इलेक्ट्रिशियन, फिटर, आणि तीन वर्षं शिकलेल्या नर्स. प्रत्येक व्यवसायाचा तासवार अभ्यासक्रम राज्यानेच एकदा जर्मनमध्ये भाषांतरित करून ठेवावा, म्हणजे प्रत्येक मुलाचा तो खर्च वाचेल. प्लंबर आणि वेल्डरसाठी दुसऱ्या वर्षाची सोय आयटीआयमध्येच करता येईल का, ते पाहावं. आपल्याकडे तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार कायद्याखाली २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. तिथे उमेदवाराच्या कामाची रोजची नोंदवही नीट भरून, सही-शिक्क्यासह त्याच्या हाती दिली, तर न्यूरेम्बर्गला पाठवायचा सर्वांत भक्कम पुरावा तोच ठरेल.