एका किलोचे पंधरा सेकंद

नाशकात सायकल घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिलं काय करतो? टॉप ट्यूबला, म्हणजे सीट ते हँडलमधल्या वरच्या दांड्याला, धरून सायकल उचलून बघतो. "अरे, ही तर हलकीय!" की लगेच वीस-तीस हजार जास्त मोजायला तयार. घाटासाठी म्हणून हे पैसे घालत असाल, तर आधी गणित करा.

कमी झालेले किलो गुणिले चढलेली उंची (मीटर) गुणिले 9.8, भागिले तुमचे वॅट. उत्तर येतं सेकंदांत. समजा, गडाच्या घाटात 5 टक्क्यांचा 6 किलोमीटर चढ आहे, म्हणजे 300 मीटर उंची. पाय 200 वॅट देत असतील तर एका किलोमागे साधारण 15 सेकंद वाचतात, आणि पूर्ण चढाला लागतात 24-25 मिनिटं. दीडशे वॅटवाल्याचे 20 सेकंद वाचतील. शर्यतीत एवढ्यावर निकाल फिरतो, मान्य. रविवारी वर जाऊन चहा पिणाऱ्याला काय फरक पडतो? 750 मिलीच्या दोन भरलेल्या बाटल्या म्हणजेच दीड किलो झाले की!

चाकातला किलो दुप्पट मोजायचा, हेही ऐकून असाल. वेग वाढवताना ते बऱ्यापैकी खरं आहे. एका लयीत घाट चढताना मात्र रिमचा किलो आणि पोटावरचा किलो सारखाच. त्र्यंबक रोडला तर वजनाचा विषयच काढू नका, तिथे पावसाळ्यात समोरून येणारा वारा खरा भारी.

खरा वेळ खातो टायर. गुट्ट्यांचा जाड टायर काढून गुळगुळीत टायर टाकला तर याच चढावर मिनिटभर सहज वाचतं, म्हणजे चार किलो उतरवल्यासारखंच. सत्तर किलोच्या माणसाने 28 मिमी टायरला मागे 75-80 पीएसआय हवेचा दाब ठेवावा, पुढे पाचेक कमी. मग चाक उचलून फिरवा. डिस्क घासल्याचा "शुक शुक" आवाज आला तर कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग, सरळ करा.

दुसरी गोष्ट गिअर. कसाऱ्याला रेल्वे 37 ला 1 चा चढ चढते, तर गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. आपल्याला कोण ढकलणार? 10 टक्क्यांच्या वळणावर 200 वॅटला वेग जेमतेम 8 किमी. पुढे 34 आणि मागे 28 दात असतील तर पायडल मिनिटाला साधारण 52 फेऱ्यांवर येतं आणि गुडघे बोलायला लागतात. मागे 34 लावा, फेऱ्या 63 होतात. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, थोडी जड होईल, होऊ द्या.

फक्त कॅसेट बदलून मोकळे होऊ नका. मागचा गिअर बदलणाऱ्या डिरेलरची केज, म्हणजे खाली लोंबणारा चेन ताणणारा भाग, छोटी असेल तर त्याचं वरचं छोटं चाक (जॉकी व्हील) 34 च्या दातांना घासतं, तिथे मध्यम किंवा लांब केजच हवी. चेनही लांबवावी लागते. पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून, डिरेलर सोडून, चेन गुंडाळून बघा आणि त्यावर दोन कड्या जास्त ठेवा. आखूड राहिली आणि घाटात चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर हँगर, म्हणजे डिरेलर जिथे टांगतात तो फ्रेमचा तुकडा, वाकतो किंवा तुटतो, आणि सायकल कितीही हलकी असली तरी मग ढकलतच खाली आणावी लागते.