खिडकीची झडप

काही दिवसांपूर्वी विमानात मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन येत होते म्हणून मी झडप खाली ओढली आणि एका तक्त्यातले आकडे दुरुस्त करत बसलो. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी होती. बराच वेळ चुळबुळ करून तिने हळूच विचारले, ‘‘काका, थोडीशी उघडता का? खाली ढग आहेत.’’ मी झडप उघडली खरी, पण कपाळाला आठी घालूनच.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान पहिल्यांदा उडाले, तेव्हा ते जेमतेम १२ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ३६ मीटर पुढे गेले. आज आपण ढगांच्याही वरून जातो आणि उतरल्यावर बोलतो ते अरुंद आसनांबद्दल. (ती अरुंद असतात, हे गुडघ्यांना विचारूनच लिहितो आहे.)

आपल्याला नवल वाटेनासे झाले, याचे खापर मोबाइलवर फोडण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा जगभरातले कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीसमोर खिळून होते. त्यानंतर नऊच महिन्यांनी, एप्रिल १९७० मध्ये, चंद्राच्या वाटेवर असलेल्या अपोलो १३ मधील अंतराळवीरांनी यानातून थेट प्रक्षेपण केले, तर अमेरिकेतल्या एकाही मोठ्या वाहिनीने ते दाखवले नाही. प्रक्षेपण संपल्यावर काही मिनिटांतच प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि मग मात्र ही तीन माणसे जिवंत परततात की नाही, याकडे सारे जग श्वास रोखून पाहू लागले. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. चंद्राकडे जाणारी माणसे नऊ महिन्यांत जुनी झाली आणि मरणाच्या दारात उभी राहताच पुन्हा बातमी ठरली. थरार आणि विस्मय यांत आपण गल्लत करतो ती अशी. थरार आपल्याला धरून ठेवतो. विस्मयासाठी आपणच थोडे थांबावे लागते, आणि थांबणे आता वेळ वाया घालवण्यात जमा होते. मुलाने ‘असे का?’ विचारले की ‘हे परीक्षेत आहे का?’ असा उलट प्रश्न येतो, तो त्यामुळेच.

माहिती वाढली की नवल संपते, हेही मला मान्य नाही. घरी आल्यावर मी त्या ढगांविषयी वाचले. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा साधा पांढरा ढग घेतला, तर त्यात सुमारे ५०० टन पाणी असते. ते कोसळत नाही, कारण ते अतिसूक्ष्म थेंबांत विखुरलेले असते. हे थेंब इतके सावकाश खाली येतात की वर चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. हे कळल्यापासून मला ढग कापसासारखा दिसत नाही, आणि मी त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळ पाहतो.

१९७७ साली निघालेले व्हॉयेजर १ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक संदेश पाठवू लागले. त्याच्या संगणकातली एक चिप निकामी झाली होती. यान २४०० कोटी किलोमीटरांहून दूर असल्यामुळे तिथे हात पोहोचणे अशक्यच होते. मग अभियंत्यांनी त्या चिपवरच्या आज्ञावलीचे तुकडे केले आणि स्मृतीत जिथे जिथे जागा सापडली तिथे ते बसवायचे ठरवले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा पाठवला. संदेश पोहोचायला साडेबावीस तास लागणार होते आणि उत्तर यायला तितकेच. २० तारखेला उत्तर आले आणि पाच महिन्यांच्या खंडानंतर यानाची प्रकृती पुन्हा कळू लागली. त्या दोन दिवसांत मीही दिवसभर बातम्या वाचत होतो, त्यांवर तावातावाने बोलतही असेन. पण कशाबद्दल, ते आज आठवत नाही. व्हॉयेजरचे मला कळले ते कित्येक महिन्यांनी, भलतेच काहीतरी शोधताना.