नव्वद लाखांचा हिशेब

मावशीने भजनी मंडळात एक फॉरवर्ड वाचून दाखवला म्हणून लिहितोय, एरवी असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही. मजकूर असा: पेगन (ख्रिस्ती धर्माआधीचे जुने देव मानणारे) म्हणजे युरोपातले हिंदूच; स्टोनहेंज (इंग्लंडमधलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) हे त्यांचं शिवमंदिर; चर्चने ९० लाख पेगन बायकांना चेटकीण ठरवून जाळलं; तरी त्यांची पाच हजार वर्षांची उपासना 'विक्का' नावाने अखंड चालू आहे.

आधी ते ९० लाख. १७८४ साली फॉइग्ट नावाच्या जर्मन वकिलाने क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या दप्तरातले मोजके खटले घेतले, त्यांना शतकांनी गुणलं, मग अख्ख्या युरोपच्या लोकसंख्येचा हिशेब लावला. उत्तर आलं ९४,४२,९९४. वरचे चौऱ्याण्णवही सोडले नाहीत पठ्ठ्याने! खटल्यांची कागदपत्रं तपासणारे इतिहासकार आज ४० ते ६० हजार म्हणतात. तेवढे काय कमी झाले? आणि त्या बहुतेक जणी चर्चला जाणाऱ्या साध्या ख्रिस्ती बायका. शेजारच्या गायीचं दूध आटलं, मूल दगावलं, की बोट यांच्याकडे. इंग्लंडात तर जाळत नसत, फासावर चढवत. आइसलंडमध्ये बळी गेलेले जवळजवळ सगळे पुरुष होते. अशांना 'पेगन हुतात्मे' म्हणायचं म्हणजे त्या खरंच काहीतरी गुपचूप करत होत्या, हा आरोप करणाऱ्यांचाच दावा मान्य करायचा. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या येतात, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तिथेही हेच म्हणणार का, की ती बाई कुठल्या तरी प्राचीन धर्माची होती?

विक्का पाच हजार वर्षांचा नाही. सिलोन-मलायात नोकरी केलेल्या जेराल्ड गार्डनर या निवृत्त इंग्रजाने १९५४ साली पुस्तक लिहून तो लोकांसमोर आणला. त्यातलं काय कुठून आलं, हे ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी एकेक धागा सोडवून दाखवलंय, आणि आजचे कितीतरी विक्कन ते बिनतक्रार मानतात. आपला धर्म नवा आहे याची त्यांना लाज वाटत नाही; लाज वाटतेय ती फॉरवर्डवाल्यांना.

विक्कन पाळतात त्यातले साउइन (हिवाळ्याच्या सुरुवातीचा) आणि बेल्टेन (उन्हाळ्याच्या सुरुवातीचा) हे सण जुने आहेत, एवढं कबूल. मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत त्यांची नावं सापडतात. पण वर्षाचे आठ सण एका चक्रात बसवले ते विसाव्या शतकात.

स्टोनहेंजचे मोठे दगड साधारण इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले. लोक त्याचं श्रेय ज्यांना देतात त्या ड्रुइडांचे, म्हणजे तिथल्या प्राचीन पुरोहितांचे, उल्लेख त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी येतात. शिव तर कुठेच येत नाही.

राहिलं 'हिंदूच'. अनेक देव, देवी, निसर्गपूजा, साम्य आहे. आजची काही पेगन मंडळी स्वतःही ते बोलून दाखवतात. म्हणून त्यांना न विचारता आपल्या शिरगणतीत कशाला धरायचं?