आधी स्ट्रिप, मग श्वास

लेकाला इथेच इंदुरात माइंडफुलनेसच्या, म्हणजे मनात-शरीरात जे चाललंय ते शांतपणे बघायला शिकवणाऱ्या वर्गाला घातलं. वय १५, टाइप १ डायबिटीस, दिवसातून चारदा इन्सुलिन. म्हटलं, जरा डोकं शांत होईल.

दुसऱ्याच दिवशी डोळे मिटून बसलेला असताना त्याला घाम फुटला, हात कापायला लागले. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "जे होतंय ते नुसतं बघ, प्रतिक्रिया देऊ नकोस." पोरगं भिडस्त, बसलं बघत! मी दाराशी चपलांपाशी होते. त्याचा पडलेला चेहरा दिसला आणि सरळ आत घुसले. शुगर मोजायच्या मीटरवर ५४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं. ८१.

ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घाम, धडधड, कापरं हे माणूस घाबरला तरी होतं आणि शुगर पडली तरी होतं. दोन्हींतलं कुठलं, ते मीटरची स्ट्रिपच सांगते. आकडा ७० च्या खाली असेल तर बघत बसायचं नसतं, गोड खायचं असतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत असे वर्ग सुरू केले ते जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. पाठदुखीकडे शांतपणे बघता येतं हो, ५४ कडे नाही.

तरी वर्ग बंद केला नाही, कारण आकड्यांची धास्ती होतीच. या वयात हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही. कालचेच पोहे, कालचाच डोस, आणि आज २६०. त्यावर माझा ठरलेला प्रश्न, "काय खाल्लंस?" (जिलबीवर कायम संशय.) म्हणून तो आकडे लपवायला लागला होता.

रक्ताचा थेंब लावला की मीटर पाच सेकंद उलटं मोजतं. तेवढा वेळ तो श्वास रोखून धरायचा, रिझल्ट लागायचा असल्यासारखा. आता सावकाश सोडतो. मीही तोंड मिटून बसते, हे जास्त अवघड आहे. परवा मित्रांबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेला, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) प्लेटीआधी इन्सुलिनचं पेन काढून टोचून घेतलं आणि आल्यावर आपणहून आकडा सांगितला.

पुढच्या बॅचला प्रत्येक मुलापुढे मीटर आणि साखरेची पुडी ठेवा, असं ताईंना सांगून आलेय. म्हणाल्या, मीटरच्या आवाजाने ध्यान भंगतं.

भंगू दे की.