‘फुकटचा वकील’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी न्यायालयाच्या व्हरांड्यात एका ज्येष्ठ वकिलांनी आमच्या एका आरोपीच्या आईला, मी चार पावलांवर उभी असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सल्ला दिला : “फुकटचा वकील फुकटाएवढंच काम करतो, मावशी. पोरगा बाहेर यायला हवा असेल तर चांगला वकील लावा.” चांगला वकील म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितले नाही, त्यांच्या हातात स्वतःचे कार्ड होतेच. तासाभराने त्या मावशी आमच्या कार्यालयात आल्या आणि वकील बदलण्यासाठी लागणारे ‘ना हरकत’ पत्र मागू लागल्या. पैसे कुठून आणणार, असे विचारले तर म्हणाल्या, गळ्यातले मोडीन. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी लोकअभिरक्षक कार्यालयात कार्यालयीन सहायक आहे, वकील नाही. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी : राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनुसार, आरोपींना मोफत वकील देण्यासाठी ही कार्यालये सुरू झाली. येथे मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक असतात, ते फक्त फौजदारी प्रकरणे पाहतात आणि त्यांना खासगी वकिली करण्याची मुभा नसते. म्हणजे आरोपीकडून फी नाही आणि दुसरीकडे कमाईही नाही. वकील उभे राहतात न्यायाधीशांसमोर. त्यांच्या हातातली फाइल मात्र आमच्या टेबलावर तयार होते.

त्या टेबलावर एक जाड रजिस्टर आहे आणि ते माझ्या ताब्यात असते. आरोपीचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, अटकेची तारीख, पहिल्या रिमांडची तारीख आणि त्यापुढे लाल शाईत आणखी एक तारीख, मुदत संपण्याची. गुन्ह्याची शिक्षा फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक असेल तर नव्वद दिवस, नसेल तर साठ. तेवढ्या मुदतीत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. पूर्वी रिमांडचा पहिला दिवस मोजायचा की सोडायचा यावर वाद चालत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोजायचा असे सांगून तो मिटवला. अर्जाला एक दिवस, अगदी एक दुपार उशीर झाला आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आले, तरी तो हक्क गेला म्हणून समजा.

मागे एका मजूर मुलाचे प्रकरण आमच्याकडे आले होते. मोटारसायकल चोरीचा आरोप होता. आधी त्याच्या घरच्यांनी खासगी वकील लावला होता, ज्याने आगाऊ फी घेतली, एक तारीख केली आणि मग फोन उचलणे बंद केले. ‘ना हरकत’ देण्यासाठीही त्याने उरलेली फी मागितली. (आज व्हरांड्यात सल्ला देणाऱ्यांना हे प्रकार ठाऊक नसतील, असे मला वाटत नाही.) प्रकरण आमच्याकडे पोहोचले तेव्हा साठ दिवसांतले थोडेच उरले होते. एकसष्टाव्या दिवशी न्यायालय उघडताच आमच्या वकील मॅडमनी अर्ज दाखल केला. वकीलपत्रावर तुरुंगातून त्याची सही आधीच आणून ठेवलेली होती. दोषारोपपत्र त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर आले. सरकार पक्षाचे म्हणणे झाले, थोडी खडाजंगी झाली आणि जामीन मंजूर झाला.

त्याने ती मोटारसायकल चोरली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि माझ्या कामासाठी ते माहीत असण्याची गरजही नाही.

येथे माझे काही स्नेही भुवया उंचावतील. गुन्हेगारांना कशाला वकील पुरवायचा, हा प्रश्न मला लग्नकार्यात, जेवणाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला जातो. ज्याची मोटारसायकल गेली त्याचेही दुःख असते, हे मान्य. पण याच महाराष्ट्रातल्या कसाब खटल्यात, २०१२ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले आहे की आरोपीला पहिल्यांदा समोर आणले जाते तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर शासनाच्या खर्चाने वकील मिळेल, हे सांगणे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्या माणसाच्या बाबतीत जे मान्य झाले, ते मोटारसायकलच्या आरोपातल्या पोराला का नको, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

जामीन मंजूर झाला की लोकांना वाटते, पोरगा सुटला. आमचे अर्धे काम तेथून पुढे सुरू होते. या मुलाच्या आदेशात वडिलांचे नाव एक होते आणि तुरुंगाच्या नोंदीत दुसरे, कारण अटकेच्या वेळी कोणीतरी ऐकू आले तसे लिहून घेतले होते. तुरुंगाने त्याला सोडले नाही. दुरुस्तीचा अर्ज टाइप केला, त्यावर न्यायालयाचा निशाणी (नोंद) क्रमांक पडला, आदेश झाला. मग जामीनदाराचा प्रश्न आला. ज्यांच्या नावावर ना घर ना सातबारा, त्यांच्यासाठी सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) असलेला जामीनदार कोण उभा राहणार? जामीन मिळूनही माणसे आत राहतात म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले : आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांकडे जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. त्या आधारावर आम्ही अट बदलून घेण्याचा अर्ज केला आणि जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, त्याची सुटका झाली. हे सगळे अर्ज, नकला, पुरसिस (न्यायालयाला दिलेली लेखी निवेदने), ईमेल आणि तुरुंगाला पुन्हा पुन्हा केलेले फोन यांची फी किती झाली असती, याचा हिशेब त्या ज्येष्ठ वकिलांनीच करावा.

कागदाच्या प्रतीला किती किंमत असते, हे पाहायचे असेल तर १९७८ चा होसकोट खटला पाहा. तोही महाराष्ट्रातलाच. कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला तेव्हा सांगावे लागले, कारण प्रत हातात नसेल तर अपील करायचे कशाच्या आधारावर?

जुन्या पॅनेल पद्धतीत, म्हणजे यादीतल्या खासगी वकिलांना प्रकरणे वाटून दिली जात तेव्हा, काही वकील नुसत्या तारखा घेत आणि आरोपीचे तोंडही पाहत नसत, हे खरे आहे. आजही आमच्या वकिलांवर प्रकरणांचा बोजा आहे आणि एखाद्या मावशींना हवा तेवढा वेळ त्यांना देता येत नाही, हेही खरे. पण म्हणून जे होते ते फुकटातले, म्हणजे बिनकामाचे, असे ठरवणे मला सहन होत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे. त्या मावशींचा मला राग येतच नाही. ज्या यंत्रणेने मुलाला उचलून नेले तिच्याच पैशावर चालणारा वकील आपल्या बाजूने लढेल, यावर त्यांनी का विश्वास ठेवावा? पैसे मोजले की आपण मुलासाठी काहीतरी केले, एवढे तरी त्यांना वाटते. मी त्यांना रजिस्टर उघडून त्यांच्या मुलाच्या नावापुढची लाल तारीख दाखवली. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. राग आहे तो शिकल्यासवरल्या माणसांचा, ज्यांना ही तारीख वाचताही येते आणि तिचा अर्थही कळतो.

आणि जाता जाता : आम्ही सगळे कंत्राटावर आहोत. कंत्राट पुढे चालू राहील की नाही या काळजीत आम्ही दुसऱ्यांच्या मुदती सांभाळतो, यावर फार बोलत नाही. पण ‘सरकारी पगार खाता’ असे कोणी म्हटले की हसू येते.

तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंचा मुलगा, सोसायटीचा वॉचमन, ओळखीचा रिक्षावाला, कोणालाही अटक झाली तर त्यांना आधी दागिने मोडू देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या व्यक्तीला, तसेच स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो, किंवा सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाता येते. येताना गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि अटकेची तारीख चिठ्ठीवर लिहून आणायला सांगा; तेही नसेल तर पोलीस ठाण्याचे नाव पुरे, पुढचे आम्ही शोधून काढतो.