राणीवर व्याख्यान कसे द्यावे

गेल्या रविवारी मी विदर्भाच्या वाकाटक घराण्यातील राणी प्रभावतीगुप्ता हिच्यावरील एका व्याख्यानास दीड तास बसले. निमंत्रणपत्रिकेवर नाव तिचे होते. व्याख्यानात मात्र ती शेवटच्या सात मिनिटांपुरती आली. आपणासही अशी कामगिरी करावयाची असल्यास काही सूचना उपयोगी पडतील.

प्रारंभ वडिलांपासून करावा. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, त्याच्या मोहिमा, त्याची सोन्याची नाणी, यांत पाऊण तास सहज निघतो. पती दुसरा रुद्रसेन लवकर वारला, हे सांगताना आवाज जड करावा.

रामटेकचा उल्लेख आला की कालिदासाकडे वळावे आणि परत येऊ नये.

तिच्या कारभाराविषयी बोलताना प्रत्येक वाक्याला 'वडिलांच्या सल्ल्याने' हे शब्द जोडावेत. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट मात्र चुकूनही वाचून दाखवू नये, कारण तो तिने स्वतः रामटेकजवळच्या नंदिवर्धन या राजधानीहून १३व्या राज्यवर्षी दिलेला आहे. मुलगा दिवाकरसेन अद्याप युवराजच आहे आणि वाकाटकांचे राज्य आई चालवते आहे. त्यात वंशावळ माहेरच्या गुप्तांची, आई कुबेरनागा हिच्या नागकुळाचा उल्लेख, आणि गोत्र 'धारण', म्हणजे वडिलांचेच. सासरचे 'विष्णुवृद्ध' नव्हे. (लग्नानंतर नाव न बदलता बँकेच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या भगिनींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) मुद्रेवर कोरले आहे, 'जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्': युवराजाच्या आईची आज्ञा, शत्रूला वठणीवर आणणारी. आणि यावरून वक्त्यांनी काढलेला निष्कर्ष काय, तर ती माहेरच्या हातातील बाहुली होती! मुलाने बापाचे कूळ कोरले की तो कुलाभिमान, मुलीने कोरले की ती माहेरची ढवळाढवळ. गुप्तांचे वजन वाकाटकांच्या दरबारात होते, हे मलाही मान्य आहे; पण वजन असणे निराळे आणि सारा कारभारच पित्याच्या नावे लिहून टाकणे निराळे.

प्रश्नोत्तरांची वेळ येताच आभारप्रदर्शन सुरू करावे.

माझा प्रश्न त्या शाल-श्रीफळात राहून गेला, तो येथे विचारते. तिचे दुसरे दानपत्र अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे आहे. धाकटा मुलगा प्रवरसेन याच्या १९व्या राज्यवर्षी, रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पायांपाशी दिलेले. तोवर चंद्रगुप्त हयातही नव्हता. मग तेव्हा सल्ला कोणाचा होता? दोन्ही ताम्रपट छापलेले आहेत आणि वाचायला एक दुपार पुरते. तेवढेही करायचे नव्हते, तर पत्रिकेवर चंद्रगुप्ताचे नाव घालायचे होते. मी घरी बसले असते.