गराजचं दार घरच्या घरी दुरुस्त करा, फक्त तीन वीकेंडांत

जानेवारीतली सकाळ आहे, न्यू जर्सीत उणे दहा आहे, साडेआठला मीटिंग आहे, आणि गराजचं दार अर्ध्यापर्यंत खाली येऊन पुन्हा वर जातंय. घाबरू नका. तुम्ही सांगलीत मेकॅनिकलला प्रवेश घेतलात तेव्हाच हा दिवस तुमच्या कुंडलीत लिहिला गेला होता. मधली एकवीस वर्षं कॉम्प्युटरवर जावा प्रोग्रामिंगमध्ये गेली, ते सोडा. पदवी कुठे जात नाही.

पहिलं पथ्य: दाराकडे बघायचं नाही, बटण दाबायचं. दार निघतं, थबकतं, माघारी जातं, आणि छतावरच्या मोटरचा दिवा लुकलुकतो. दहा वेळा. पुन्हा दाबा. पुन्हा दहा वेळा. बऱ्याच मोटरी याच खुणेने सांगत असतात की खाली डोळ्यांपुढे काहीतरी आडवं आलंय. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. आधीचा मालक ते किचनच्या खणात ठेवून गेला होता. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ते रद्दीत टाकलंत आणि त्याच खणातल्या सोया सॉसच्या पुड्या मात्र अजून जपून ठेवल्यात.

डोळे कुठले, म्हणाल तर दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, काडेपेटीएवढ्या दोन डब्या असतात. एक अदृश्य किरण सोडते, दुसरी झेलते. मध्ये मूल, मांजर, सायकल काहीही आलं की दार मागे फिरतं. ही काही कंपन्यांची हौस नाही. खाली येणाऱ्या दारांखाली सापडून मुलं दगावली, तेव्हा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेसाठी बनणाऱ्या घरगुती मोटरींना असा बंदोबस्त सक्तीचा झाला. दोन्ही डब्यांवर चिमुकले दिवे असतात. झेलणाऱ्या डबीचा दिवा विझला किंवा फडफडला, म्हणजे किरण पोचत नाही. कारणंही अशीच फुटकळ: कोळ्याचं जाळं, धक्का लागून वाकडी झालेली डबी, कलत्या उन्हाची तिरीप.

तुमच्या गराजमध्ये गाडीशिवाय दुसरा फ्रिज, गणपतीचं मखर, मंडळाच्या नाटकाचा सिंहासनवजा सोफा, बोंबील तळायचा बर्नर आणि वीस पौंडी बासमतीच्या चार पिशव्या आहेत. त्यातल्या सगळ्यात पुढच्या पिशवीचा बंद बरोब्बर उजव्या डबीसमोर लोंबतोय. पण ते दिसायला उकिडवं बसावं लागतं आणि इंजिनीअर वर बघतो. मोटर वर आहे, चेन वर आहे, रूळ वर गेलेत. बिघाड वरच असणार.

म्हणून पहिल्या शनिवारी डब्ल्यूडी-४०, म्हणजे गंजावर मारायचा तो फवारा. १९५३ साली सॅन डिएगोत हे रसायन चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०, आणि त्याने ॲटलास क्षेपणास्त्राचं कवच गंजापासून वाचवलं. जे क्षेपणास्त्राला चाललं ते तुमच्या दाराला का चालू नये? जाणकार सांगतात की ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं, टिकाऊ वंगण नव्हे; बिजागऱ्यांना आणि रोलरच्या बेअरिंगना सिलिकॉनचा किंवा लिथियमचा फवारा द्यावा, आणि रूळ तर नुसते पुसून कोरडे ठेवावेत. जाणकारांचं ऐकायचं तर एवढं शिकलो कशाला! रूळ न्हाऊ घाला. महिनाभरात त्यावर धूळ बसून असं काजळ तयार होईल की आजीने बाळाला तीट लावावी. हात चालूच आहे तर डब्यांच्या काचांवरही एक फवारा मारा, त्या बिचाऱ्या का कोरड्या राहाव्यात.

याच सुमारास बायको भिंतीवरचं बटण दाबते आणि बोट न काढता तशीच उभी राहते. दार सुरळीत खाली येऊन बंद होतं. "लागलं की," ती म्हणते. वास्तविक इथे लेख संपायला हवा. बटण धरून ठेवलं तर दार लागतं आणि सोडलं की उलटं जातं, याचा अर्थ मोटर ठीक, स्प्रिंग ठीक, घोळ फक्त त्या दोन डोळ्यांत. एवढं पक्कं निदान तपासणीच्या दोन हजार डॉलरांतही मिळत नाही. तुम्ही म्हणायचं, "योगायोग आहे," आणि रिमोटची बॅटरी बदलायला घ्यायची. भिंतीवरच्या बटणानेही तोच प्रकार होतोय, म्हणजे रिमोट निर्दोष आहे, हा तर्क अशा वेळी मनात येऊ देऊ नये. शिवाय काही एलईडी बल्बांमुळे रिमोटचा सिग्नल अडतो असं कुठल्याशा व्हिडिओत बघितलेलं असतं, तर बल्बही बदला. एक नवा फुटला तरी चालेल.

दुसऱ्या वीकेंडला साताऱ्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "दिवा का लुकलुकतोय रे?" ते विचारतात. "टायमर आहे, बाबा." "बरं. फोन जरा खाली धर, उंबऱ्यापाशी." तुम्ही फोन वर धरता आणि त्यांना मोटर दाखवता. "बरं," बाबा म्हणतात आणि आईकडे फोन देतात. तीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काढलेला माणूस, केव्हा गप्प बसायचं ते त्याला कळतं.

मग ती लाल दोरी. मोटरखाली लोंबते ती. ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने हलवता येतं. वीज गेल्यावरची सोय. तुम्ही ती ओढून विसरून जा. आता बटण दाबलं की मोटर फिरते, चेन धावते आणि दार जागचं हलत नाही. निष्कर्ष: मोटर जळाली! नवी मागवा. ती येईपर्यंत दार हाताने ओढून, त्याचा हँडल रुळाला परकराच्या नाडीने बांधून ठेवा. गाडी बाहेर बर्फात राहील आणि रोज सकाळी काच खरवडताना कोकणातल्या घराची आठवण येईल. तेवढाच विरंगुळा.

तिसऱ्या वीकेंडला नजर जाते दाराच्या वरच्या दांडीवर गुंडाळलेल्या जाड स्प्रिंगवर. इथे मात्र थट्टा बाजूला ठेवतो. दोन गाड्यांचं दार सोळा फूट रुंद आणि सहज दीडशे-दोनशे पौंडांचं असतं. ते वजन मोटर पेलत नाही, स्प्रिंग पेलते. मोटर नुसती ढकलते. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण दहा हजार उघडझापी धरतात. दिवसाला चार म्हटल्या तर सातएक वर्षं. ती थंडीत तुटते तेव्हा बंदूक सुटल्यासारखा आवाज येतो आणि वेटोळ्यांत बोटभर फट दिसते. तसं असेल तर बटणही दाबू नका आणि दार वर असताना लाल दोरी अजिबात ओढू नका, ते सरळ खाली कोसळेल. ताणलेली स्प्रिंग स्क्रूड्रायव्हर घालून सोडवायला गेलेल्यांची बोटं गेली आहेत, मनगटं मोडली आहेत. हे काम माहितगाराचं. शेजारचा मायकेल घरी करतो म्हणून आपण करायचं नाही.

तर तुमची स्प्रिंग धडधाकट आहे. तरीही बायको पाना हातातून काढून घेते आणि फोन लावते.

मेकॅनिक येतो. उकिडवा बसतो. तांदळाच्या पिशवीचा बंद बाजूला करतो, खिशातल्या फडक्याने काचा पुसतो, लाल दोरीचा खटका मोटरला परत जोडतो. बटण दाबतो, दार लागतं. अकरा मिनिटं. पावती लिहिता लिहिता त्याची नजर काळ्या कुळकुळीत रुळांवर आणि तिथे लोंबणाऱ्या नाडीवर जाते.

"हे कोणी केलं?"

"घर घेतलं तेव्हापासून असंच आहे."

तो मान डोलावतो. बहुधा प्रत्येक घरात त्याला हेच उत्तर मिळत असावं. बायको आतून विचारते, काय झालं होतं? तुम्ही सांगता, "सेन्सरचं कॅलिब्रेशन." नवी मोटर खोक्यासकट बासमतीशेजारी ठेवता. परत पाठवायची मुदत उलटून गेलेली असते.

रात्री मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं: "गराजचं दार अर्ध्यातून परत जातंय, कुणाला अनुभव आहे का?" तीन जण टाईप करायला लागलेले दिसतात. तुम्ही घाई करता.

"आधी डब्ल्यूडी-४० मारून बघ."